मागच्या खोलीबाहेरचं स्टूल

सांडूमामा साळवे यांनी नोकरीची एकतीस वर्षं एका दाराबाहेर काढली. दाराच्या आत अकरा साहेब आले आणि गेले. बाहेरचं स्टूल आणि स्टुलावरचा माणूस तोच राहिला. संभाजीनगरच्या एका सरकारी कार्यालयात ते शिपाई होते. शिपाई म्हणजे चहा आणणारा, असं ज्यांना वाटतं त्यांनी चांगला शिपाई पाहिलेला नसतो. कुठल्या साहेबाला उजेड डावीकडून लागतो, पंख्याखाली बसलं की कुणाची मान धरते, कोणती फाईल पाहुणा आत येण्याआधी मिटवायची, हे सांडूमामांना न सांगता कळे. भेटायला आलेल्या प्रत्येकाकडून ते एक चिठ्ठी लिहून घेत. नाव, गाव, काम. आधी चिठ्ठी आत जाई, मग माणूस. 'गोपनीय' असा शिक्का मारलेला लखोटा त्यांनी कधी उजेडासमोर धरून पाहिला नाही, आणि त्यात काही विशेष केलं असंही त्यांना वाटलं नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांचं दिवसाशी जमेना. सकाळी दाढी व्हायची, पांढरा सदरा अंगात चढायचा, पावणेदहा वाजता रमानगरातल्या घराच्या ओट्यावर ते तयार उभे असायचे. मग काय करायचं ते सुचायचं नाही.

"कुठं निघालात?" केसरबाई शिवणाच्या मशीनवरून मान न उचलता विचारायच्या. "साहेब वाट पाहायलाय का?"

"पाय मोकळे करतो जरा."

"अहो, पाय मोकळेच हायत तुमचे. तेच तर दुखणं हाय."

असं वर्षभर चाललं. मग विशाखाला नोकरी लागली.

विशाखा त्यांची सून. मुलगा आकाश वाळूजला कंपनीत, आज पहिली पाळी तर पुढच्या आठवड्यात तिसरी. विशाखा बी.कॉम. झालेली, हिशेबी डोक्याची, बोलायला मृदू. पुण्याच्या एका आरोग्यविमा कंपनीत तिची निवड झाली होती. लोक फोन करणार, दवाखान्याचे कागद, ऑपरेशनं, नाकारलेले दावे यांबद्दल विचारणार, आणि तिनं घरी बसून उत्तरं द्यायची. पण लोक आपल्या आजारांबद्दल बोलणार, म्हणून कंपनीची अट होती: वेगळी खोली हवी, तिला बंद होणारं दार हवं, कामाच्या वेळी आत दुसरं कुणी नको, मोबाईलसुद्धा नको. पहिले तीन महिने कच्चे. त्या अवधीत कंपनीचा माणूस न कळवता येऊन जागा पाहून जाईल. जागा पसंत पडली नाही, तर पुण्याच्या कार्यालयात रुजू व्हायचं.

हे सगळं तिनं संध्याकाळी जेवताना सांगितलं, तेव्हा घरात तीन खोल्या आहेत आणि माणसं पाच आहेत, हा हिशेब प्रत्येकानं मनात केला. आकाश म्हणाला, "पुण्याला जावं लागलं तर राजनंदिनीचं नाव तिकडच्या शाळेत टाकावं लागेल. मीही तिकडं बघतो मग."

राजनंदिनी सहा वर्षांची. ती आजोबांच्या ताटातला शेंगदाणा उचलत होती. सांडूमामांनी तिच्याकडं पाहिलं आणि ताट जरा तिच्या बाजूला सरकवलं.

"मागची खोली," ते म्हणाले. "ती करू ऑफिस."

"अन् माझी मशीन?" केसरबाईंनी विचारलं. "गाद्या? गव्हाची कोठी? का सगळं डोक्यावर घेऊन बसू?"

"मशीन पुढच्या खोलीत, खिडकीशी. तुलाच उजेड मिळंल."

"बघ गं विशाखा. पस्तीस वर्षं ह्या माणसाला माझ्या उजेडाचं सुचलं नाय. साहेब म्हटलं की लगेच सुचलं."

पण दुसऱ्या दिवशी गाद्या हलवायला पहिला हात केसरबाईंनीच लावला.

मागची खोली दहा बाय आठ. एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडं उघडणारी. सांडूमामांनी चुना आणून भिंती स्वतः रंगवल्या. इंटरनेटची वायर कुठून आत आणायची, इन्व्हर्टर कुठं ठेवला म्हणजे त्याचा गूं गूं आवाज फोनवर जाणार नाही, हे त्यांनी वायरमनला उभं राहून सांगितलं. टेबलासाठी ते चेलीपुऱ्यात जुन्या फर्निचरच्या दुकानांतून दोन दिवस फिरले. टेबल पाहण्याची त्यांची रीत वेगळी होती. ते खण ओढून पाहत आणि मग वाकून खालून हात फिरवत.

दुकानदार हसला. "क्या चचा, नीचे क्या देखरे? टेबल ऊपर से देखते!"

"ऊपर से साहेब देखता," सांडूमामा म्हणाले. "नीचे से मैं देखता."

"किस के वास्ते लेरे?"

"बहू के वास्ते."

"बहू क्या कलेक्टर है?"

"कलेक्टर के पास बी इतना शांत कमरा नहीं होता," सांडूमामांनी सांगितलं आणि टेबल हातगाडीवर चढवलं.

विशाखा माहेराहून परतली तेव्हा खोली लागलेली होती. टेबलाचं तोंड दाराकडं. टेबलावर काच. खुर्चीच्या पाठीवर नवा पांढरा टॉवेल. समोर भेटायला येणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या. आणि टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर, हाताशी येईल अशी, पितळी घंटी.

विशाखा दारातच थांबली. तिला हसू आलं होतं, पण सासऱ्यांचा चेहरा पाहून तिनं ते आवरलं. सासऱ्यांना ती मामा म्हणत असे.

"मामा, समोरच्या खुर्च्या कुणासाठी?"

"भेटायला येणाऱ्यांसाठी."

"सगळे फोनवरच भेटणार हो मला. आणि कंपनीच्या मीटिंगला कॅमेरा लावतात. खिडकी माझ्या मागं आली, तर मी नुसती काळी सावली दिसेन."

सांडूमामांनी खिडकीकडं पाहिलं, टेबलाकडं पाहिलं. एकतीस वर्षांत साहेब दुसऱ्यांना कसा दिसतो याचा विचार त्यांना करावा लागला नव्हता. साहेबाला बाकीचे नीट दिसले म्हणजे झालं. दोघांनी मिळून टेबल फिरवलं. उजेड डाव्या बाजूनं आला, तेव्हा त्यांना बरं वाटलं. समोरच्या खुर्च्या पुढच्या खोलीत गेल्या. टॉवेल राहिला. घंटी विशाखानं हातात घेतली, एकदा तिच्यावरून अंगठा फिरवला, आणि हळूच खणात ठेवली. सासऱ्याला घंटी वाजवून बोलवायचं, हे तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. सांडूमामांनी ते पाहिलं.

पण सोमवारी सकाळी दहाला दार बंद झालं, तेव्हा माळ्यावरचे डबे काढायचं लाकडी स्टूल दाराबाहेर आलेलं होतं आणि पांढरा सदरा घालून सांडूमामा त्यावर बसले होते.

घराला शिस्त लागली. कुकरची शिट्टी दहाच्या आत किंवा दुपारी दोन ते अडीच या सुट्टीत. भाजीवाल्यानं ओरडायचं नाही, गाडी ओट्याशी उभी करून हात वर करायचा. राजनंदिनी शाळेतून आली की चप्पल हातात घेऊन चवड्यांवर चालायची आणि हा तिला खेळच वाटे. विशाखाचा मोबाईल आवाज बंद करून फ्रिजवर. शेजारच्या भागूबाई कुकर मागायला आल्या, तर त्यांच्याही हातात कागद आणि पेन्सिल आली.

"हे काय वो भाऊजी?"

"नाव, काम लिहा. सुट्टीत आत देतो."

"अगं बाई! केसर, तुझा नवरा पुन्हा नोकरीला लागला की!"

केसरबाई मशीनवरून म्हणाल्या, "लागू दे. सदरा तरी सत्कारणी लागला."

खरं म्हणजे सांडूमामा इतके बरे कित्येक दिवसांत दिसले नव्हते. मांडीवर वर्तमानपत्र असे, पण पान आवाज होईल म्हणून उलटलेलं नसे. दाराआडून विशाखाचा आवाज येई, शब्द कधी पुसट, कधी स्पष्ट. "हो काका, डिस्चार्ज कार्ड पाठवा. घाबरू नका. मी पाहते." तो आवाज ऐकताना त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी बाराच्या सुमाराला, ते घडलं.

आतला फोन बराच वेळ चालला होता. बीडकडची एक बाई होती. तिचा नवरा ऑपरेशनच्या आधीच गेला होता, आणि कागद कुठले द्यायचे हे विचारता विचारता ती रडायला लागली होती. विशाखा तिला थांबवत नव्हती, फक्त मधूनमधून "हं ताई, मी आहे" म्हणत होती. सांडूमामा श्वाससुद्धा हलका घेत होते. तेवढ्यात ओट्यावर कुणीतरी मोठ्यानं खाकरलं.

सांडूमामा धावत गेले. चाळिशीचा माणूस, रापलेला, पायांत चपला, खांद्याला कापडी पिशवी, हेल्मेट काखेत. सदरा पाठीला चिकटला होता.

"काका, विशाखा साळवे इथंच राहत्यात का?"

"हळू बोला. राहतात. कामात आहेत."

"पाच मिनिटं भेटायचं होतं. पुण्याचं काम हाय."

"सगळ्यांचंच काम असतं. आता भेट होणार नाही. चिठ्ठी लिहून द्या."

माणसानं पिशवी गुडघ्यावर टेकवून चिठ्ठी लिहिली. गमछ्यानं तोंड पुसलं. ओट्याच्या कोपऱ्यातल्या माठाकडं त्यानं एकदा पाहिलं, मग सांडूमामांकडं.

"थांबू का मग सावलीला?"

"पाचनंतर या," सांडूमामा म्हणाले, कारण आत चाललेल्या त्या फोनकडंच त्यांचं सगळं लक्ष होतं. चिठ्ठी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. न वाचता चिठ्ठी खिशात टाकण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

पाचनंतर कुणी आलं नाही. साडेपाचला विशाखा बाहेर आली आणि तिनं फ्रिजवरचा मोबाईल उचलला. त्याच्यावर चार न घेतलेले फोन होते आणि एक निरोप. पत्त्यावर पडताळणीसाठी भेट नाकारण्यात आली. आठ दिवसांत पडताळणी पूर्ण न झाल्यास पुणे कार्यालयात रुजू व्हावं.

"आज कुणी आलं होतं का?" तिनं विचारलं.

सांडूमामांच्या मनातला कंपनीचा माणूस वेगळा होता. तो जीपमधून उतरणार होता, बरोबर आणखी एक जण फाईल घेऊन असणार होता. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा लावला. 'कडुबा तांगडे. पाचोड. काम: घरच्या ऑफिसची पडताळणी.' खाली मोबाईल नंबर.

"मी परत लावला त्याला," ते म्हणाले. "मीच."

आकाश पुढच्या खोलीत कामावर निघायची तयारी करत होता. तो काहीतरी बोलणार होता, पण विशाखानं त्याच्याकडं पाहिलं आणि तो थांबला. ती म्हणाली, "असू द्या मामा. मी कंपनीला लिहिते." एवढंच. तिनं आवाज चढवला असता, तर सांडूमामांना सोपं गेलं असतं.

त्यांनी चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडून वाऱ्याचा आवाज.

"काका, कंपनीनं मला विचारलं तर मी शेरा बदलून देईन, फेरभेट लागंल. पर आता गाडीवर हाय मी. उद्या बाजार हाय, घरीच हाय पाचोडला. उद्या बोला."

उद्या बोला. हे दोन शब्द सांडूमामांनी किती जणांना म्हटले असतील याला गणती नव्हती. त्यातले किती लोक उद्या परत आले, आणि न येणाऱ्यांचं काय झालं, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. सकाळी सातला ते बसस्टँडवर होते. घरी दाराबाहेरच्या स्टुलावर त्या दिवशी कुणी नव्हतं.

पाचोडला उतरले तेव्हा बाजार भरत होता. मिरच्यांचे ढीग, टोपल्या, दोरखंडं, सगळ्यांतून वाट काढत, विचारत विचारत ते कडुबा तांगड्यांच्या घराशी आले. पुढं पत्र्याची पडवी, आत एक खाट. दारात एक बाई तीळ निवडत होती. ती कडुबाची बायको, द्वारकाबाई.

"कडुबा तांगडे इथंच..."

"बाजारात गेलेत. येतील. वर या, बसा."

"मी संभाजीनगरहून आलो. माझं नाव..."

"आधी पाणी घ्या," द्वारकाबाई म्हणाली. "उन्हातून आलात. नाव कुठं पळून जायलंय."

तांब्या भरून आला, वर पेला. सांडूमामा पाणी प्याले. त्यांचे वडील फर्दापूरकडच्या गावात अशा दारांसमोर उभे राहत, तेव्हा पाणी त्यांच्या ओंजळीत वरून पडत असे, आणि तेही मागितलं तर. सांडूमामांना ते आठवलं. मग कोपऱ्यातला आपला माठ आठवला आणि त्याच्याकडं एकदाच पाहणारा माणूस आठवला. पेला त्यांनी दोन्ही हातांनी खाली ठेवला.

दीड तास ते खाटेवर बसून होते. तेवढ्या वेळात द्वारकाबाईनं चहा दिला, तीळ कसे महागले ते सांगितलं, पोरीचं लग्न कुठं झालं ते सांगितलं, पण तुम्ही कोण, काय काम, हे विचारलं नाही. ते तिच्या मते नवऱ्याला सांगायचं होतं.

कडुबा आला, आणि पाहुण्याकडं पाहून मोठ्यानं हसला.

"आरं, चिठ्ठीवाले काका! द्वारके, ह्यांच्या घरी मंत्रालयापेक्षा कडक बंदोबस्त हाय. मला वाटलं आता अंगठा घेऊन सोडतेत."

सांडूमामा उभे राहिले. रस्त्यात त्यांनी पुष्कळ बोलायचं जुळवलं होतं. ते म्हणाले, "सून चांगली आहे. चूक माझी आहे." मग जरा थांबून, "पाणीसुद्धा विचारलं नाही मी तुम्हाला."

कडुबाचं हसणं ओसरलं. तो खाटेच्या दुसऱ्या कडेला बसला.

"काका, मी दिवसाला पंधरा दारं करतो. पाणी चार ठिकाणी मिळतंय. तुमच्यावर राग नव्हता. मोबाईलमध्ये तीनच खाने हायत. भेट झाली, पत्ता सापडला नाय, भेट नाकारली. 'काका लई शिस्तीचे' असा खाना नाय त्यात." त्यानं मोबाईल काढला. "तुमच्या सूनबाईंनी कंपनीला लिहिलंय, सकाळीच विचारणा आली. आता मी लिहितो, गैरसमज झाला म्हणून. गुरुवारी येतो. पर एक सांगतो. जागा जशी हाय तशीच लिहीन. त्यात मी कुणाचं ऐकत नाय."

"ऐकूच नका," सांडूमामा म्हणाले.

गुरुवारी कडुबा अकरा वाजता आला. या वेळी पाण्याचा तांब्या ओट्यावरच त्याच्या हातात आला, आणि मागून केसरबाईंचा आवाज, "चहा टाकलाय, नाय म्हणू नका." विशाखानं कंपनीला सांगून अर्धा तास मोकळा ठेवला होता. कडुबानं खोली मोजली, दाराची कडी लावून पाहिली, टेबल, खुर्ची, इन्व्हर्टर यांचे फोटो काढले. टॉवेलचाही एक फोटो काढला. मग दार बंद करून बाहेर आला आणि स्टुलाशी थांबला.

"हितं कोण बसतंय?"

"मी," सांडूमामा म्हणाले.

"आतलं बोलणं हितं ऐकू येतं का? शेवटचा रकाना हाय."

विशाखा दारात उभी होती. केसरबाई चहाचे कप घेऊन थबकल्या. नाही म्हणायला काहीच लागत नव्हतं. दार जाड होतं, कडुबा पाहुणचारानं खूश होता, आणि त्या एका शब्दानं राजनंदिनीची पुण्याची शाळा टळत होती. पण रकान्यात खोटं लिहून घेणारा शिपाई सांडूमामांनी कधी चांगला मानला नव्हता.

"येतं," ते म्हणाले. "एकतीस वर्षं येत होतं. कुणाला सांगितलं नाही. पण येतं."

कडुबानं मोबाईल खाली घेतला. त्यानं स्टुलाकडं पाहिलं.

"मग हे हितं चालणार नाय, काका. लोक आत आपलं दुखणं सांगायलेत. भिंतीलाबी ऐकू जाऊ नये, असं लिहिलंय नियमात." आणि जरा खालच्या आवाजात, "शेवटचा फोटो राहिलाय माझा. दाराचा. तवर उचला."

विशाखा पुढं झाली, पण त्याआधीच सांडूमामांनी वाकून स्टूल उचललं. तसं ते हलकंच होतं. पुढच्या खोलीतून जाताना ते मशीनपाशी क्षणभर थांबले, मग बाहेर ओट्यावर गेले आणि माठाशेजारी त्यांनी ते टेकवलं. आत कडुबाच्या मोबाईलचा कॅमेरा वाजल्याचा आवाज आला.

पाच दिवसांनी कंपनीचा निरोप आला. जागा मान्य. विशाखानं तो मोठ्यानं वाचला, राजनंदिनीनं काही न कळता टाळ्या वाजवल्या, आणि केसरबाई म्हणाल्या, "आता तरी कुकर लावू का मनासारखा?" त्यावर विशाखा आणि सांडूमामा एकदमच "नाही" म्हणाले.

आता सांडूमामा ओट्यावर बसतात. तिथून विशाखाचा आवाज येत नाही. पहिले काही दिवस त्यांची मान उगाच आतल्या दिशेला वळायची. हळूहळू ती सवय गेली. वर्तमानपत्राची पानं आता बिनधास्त उलटता येतात. गल्लीतून उन्हात जाणारा पोस्टमन, मीटर पाहणारा, पत्ता चुकलेला कुणी, यांना तिथं सावली मिळते.

घंटी खणातून बाहेर आलेली नाही. पण दुपारी दोनला दार उघडतं, विशाखा स्वतः ओट्यावर येते, केसही न सावरता माठातलं पाणी पिते आणि विचारते, "मामा, आज कोण कोण आलं?"

सांडूमामा खिशातून चिठ्ठ्या काढतात. नाव, गाव, काम ही जुनी रीत तशीच आहे. खाली मात्र एक ओळ त्यांच्या स्वतःच्या अक्षरात असते.

काल पहिली चिठ्ठी भागूबाईंची होती. काम: कुकर परत. त्याखाली सांडूमामांनी लिहिलं होतं: 'बसवलं. पाणी दिलं. चहा नको म्हणाल्या, तरी केला.'